माल खोटा की मुलगा?

व्यापाऱ्याच्या घरात माल विकण्याची विद्या आपोआप पुढच्या पिढीकडे जाते. माल विकत घेण्याची विद्या मात्र मुद्दाम शिकवावी लागते. नाशिकच्या गंगापूर रोडवर, विद्या विकास सर्कलच्या परिसरात राहणाऱ्या एका कुटुंबात २०२५ च्या चातुर्मासात ही विद्या शिकवण्याचा प्रसंग आला. निमित्त झाले एका अशा वस्तूचे, की जिचे नाव घरातील वडीलधाऱ्यांना दोन-तीन प्रयत्नांनंतर उच्चारता आले. ती वस्तू म्हणजे व्हिडिओ गेमचा कंट्रोलर.

या घरातील दादाजींचे सारे आयुष्य भांडी बाजारातील तांब्या-पितळेच्या दुकानात गेले. वयाच्या सोळाव्या वर्षी ते गल्ल्याशेजारी बसले आणि सत्तरी ओलांडल्यावर दुकान मुलाच्या स्वाधीन करून उठले. घागरीवर टिचकी मारून पत्र्याची जाडी सांगावी, हंड्याच्या सांध्यावरून अंगठा फिरवून जोड कुठे कच्चा आहे ते दाखवावे, ही त्यांची ख्याती. पंधरा वर्षांपूर्वी कुटुंब जुन्या गावातील वाडा सोडून गंगापूर रोडवरील सदनिकेत आले, तरी स्वयंपाकघरातील पितळी डबे आणि दादाजींची पारखी नजर दोन्ही बरोबरच आली.

नातू बारावी वाणिज्य शाखेत शिकतो. २०२४ साली दहावीचा निकाल चांगला लागला म्हणून पुण्याच्या मामांनी त्याला खेळाचे यंत्र भेट दिले. घरात नियम ठरला, रोज एक तास, त्याहून अधिक नाही. पहिल्या चार महिन्यांतच एक सामना हरल्याच्या रागात मुलाने कंट्रोलर पलंगाच्या कडेवर आपटला. कवच तडकले, आतील काहीतरी सुटले. मुलाने ते लगेच कबूल केले, वडिलांनी रागावून का होईना, दिवाळीनंतर सहा हजारांच्या घरातील नवा कंट्रोलर आणून दिला. "यानंतर एकही नाही," अशी ताकीद त्या खरेदीसोबत मिळाली.

नऊ महिने गेले. ऑगस्टच्या आरंभी एका संध्याकाळी पडद्यावरील खेळाडू, हात न लावताच, डावीकडे चालू लागला. चेंडू एकीकडे, खेळाडू दुसरीकडे. मुलाने कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला, तरी खेळाडू चालतच राहिला. दुकानातून थकून आलेल्या वडिलांनी ते पाहिले आणि त्यांचा पारा चढला.

"पुन्हा आपटलास?"

"नाही पप्पा. या वेळी नाही आपटला."

"नऊ महिन्यांत सहा हजारांची वस्तू आपोआप बिघडते? मला शिकवतोस? वस्तू गेली ती गेली, वर खोटेही बोलतोस."

मुलगा आपल्या खोलीत गेला. दोन दिवस बाप-लेकात अबोला होता. यंत्र विकून टाकण्याची भाषा झाली. जेवणाच्या वेळी वाढणाऱ्या सूनबाई एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहत.

दादाजी दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी स्थानकातून प्रवचन ऐकून आल्यावर त्यांनी मुलाला जवळ बसवले. "गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले, तर तू आधी काय करतोस?"

"माल पाहतो, बाबूजी."

"आणि माल न पाहताच गिऱ्हाईक खोटे आहे असे म्हणतोस का?"

वडील गप्प झाले. दादाजी एवढेच म्हणाले, "मी माल पाहून येतो. मुलगा खोटा आहे की माल खोटा आहे, ते त्यानंतर ठरवू."

त्याच दुपारी आजोबा आणि नातू रिक्षाने एम.जी. रोडला गेले. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांची तिथे रांगच आहे. त्यांतील एका अरुंद गाळ्यात कंट्रोलर दुरुस्त करणारा तिशीतील कारागीर बसतो, हे नातवाला मित्राकडून समजले होते. दादाजींनी कंट्रोलर त्याच्या हाती दिला आणि भांडी बाजारात जसे विचारत तसेच विचारले, "भाऊ, हे पडले आहे की झिजले आहे, एवढे सांगा."

कारागिराने कवच भिंगाखाली सर्व बाजूंनी पाहिले. तडा नाही, चेपल्याची खूण नाही. मग त्याने स्क्रू काढून कवच उघडले आणि डाव्या स्टिकचे बारीक हिरवे झाकण चिमट्याने अलग केले. आत घोड्याच्या नालेच्या आकाराची काळी पट्टी होती. त्या पट्टीवर एक चकाकती, घासलेली रेघ उमटली होती आणि आसपास काळसर भुकटी साचली होती.

"काका, हे पडलेले नाही. हे झिजलेले आहे," तो म्हणाला.

दादाजींनी भिंग मागून घेतले आणि बराच वेळ ती रेघ न्याहाळली. पितळेच्या भांड्याची कल्हई जिथे हात रोज फिरतो तिथेच आधी जाते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. ही रेघ त्यांना ओळखीची वाटली.

कारागिराने समजावून सांगितलेली रचना साधी आहे. स्टिक हलवली की एक धातूची बारीक पाती कार्बनच्या पट्टीवरून सरकते. पाती जिथे टेकली असेल त्यावरून विजेचा दाब कमी-अधिक होतो आणि स्टिक किती कलली आहे ते यंत्राला कळते. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारे बटण याच तत्त्वावर चाले, आणि वर्षानुवर्षे फिरवल्यावर ते खरखर करू लागे, तेही याच कारणाने. पाती घासत राहते, पट्टी झिजते, भुकटी आणि धूळ मध्ये येते, स्टिक सोडल्यावर मध्यावर आणणारी स्प्रिंगही सैल पडते. मग स्टिक मधोमध उभी असूनही यंत्राला ती कललेली वाटते. या दोषाला सर्वत्र 'ड्रिफ्ट' म्हणतात. सेटिंगमध्ये जाऊन मध्यबिंदूभोवतीचे थोडे अंतर यंत्राला दुर्लक्षित करायला सांगता येते; त्याने दोष काही आठवडे झाकला जातो, दूर होत नाही.

हा दोष एखाद्या घरातील मुलाच्या हातांचा नाही, याची साक्ष जगाने दिली आहे. निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या यंत्राच्या कंट्रोलरबाबत २०१९ साली अमेरिकेत ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला. जून २०२० मध्ये भागधारकांच्या सभेत कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे पंचवीस हजार तक्रारी गोळा करून युरोपीय आयोगापुढे मांडल्या. इतर कंपन्यांच्या कंट्रोलरमध्येही बहुतेक वेळा याच जातीची स्टिक बसवलेली असते, म्हणून बोधचिन्ह बदलले तरी दोष बदलत नाही.

विशेष हे, की या दोषाचे उत्तर नवे नाही. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधून काढले, की वीज वाहत असलेल्या पट्टीजवळ चुंबक आणला की पट्टीच्या आडव्या दिशेने एक सूक्ष्म दाब निर्माण होतो. या तत्त्वावर बनवलेल्या स्टिकमध्ये खाली एक लहान चुंबक असतो. तो हलला की शेजारचा संवेदक त्याची जागा ओळखतो. मोजणीसाठी कशालाही कशावर घासावे लागत नाही. सेगा या जपानी कंपनीने १९९६ च्या सॅटर्न यंत्राच्या गोल कंट्रोलरमध्ये आणि १९९८ च्या ड्रीमकास्टमध्ये हीच पद्धत वापरली होती. पुढे मात्र स्वस्त पडते म्हणून घासणारी पट्टीच सर्वत्र रूढ झाली. अलीकडे ग्राहकांच्या तक्रारी वाढल्यावर चुंबकाच्या स्टिक पुन्हा बाजारात आल्या आहेत, आणि त्यांच्याच पुढची, कमी वीज खाणारी 'टीएमआर' नावाची जातही मिळू लागली आहे.

दादाजींनी हे सर्व शांतपणे ऐकले. मग त्यांनी व्यापाऱ्याचा प्रश्न विचारला, "अशी घासणारी स्टिक किती टिकायला हवी?"

उत्तर नातवानेच दिले. त्याने वाचले होते, की अशा स्टिकचे आयुष्य तिचे निर्माते साधारण वीस लाख फेऱ्या असे सांगतात.

"आणि तू मिनिटाला किती फेऱ्या मारतोस?"

"फुटबॉल खेळताना साठ तरी होत असतील."

दादाजींचे ओठ हलू लागले. मिनिटाला साठ, म्हणजे तासाला तीन हजार सहाशे. वीस लाखांना तीन हजार सहाशेने भागले, की साडेपाचशेच्या वर थोडे. "पाचशे पंचावन्न तास," ते म्हणाले. सहा हजारांची वस्तू आणि पाचशे पंचावन्न तासांचे आयुष्य, म्हणजे तासाला जवळजवळ अकरा रुपये घसारा. पण त्यांचा हिशेब तेवढ्यावर थांबला नाही. "नऊ महिने म्हणजे दोनशे सत्तर दिवस. रोज एक तास धरला तर दोनशे सत्तर तास. मग हा माल निम्म्याच आयुष्यात कसा गेला?"

नातवाने मान खाली घातली. कारागीर सहज म्हणाला, "काका, ते आकडे कारखान्यातले. धूळ असते, हाताचा घाम असतो. त्यानेही लवकर जाते."

दादाजींनी मान डोलावली. कारण पुरेसे होते. कोणीही ते मान्य केले असते.

परतीच्या रिक्षात अशोक स्तंभ मागे पडेपर्यंत नातू काही बोलला नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "दादाजी, धूळ नव्हती."

"मग?"

"रात्री सगळे झोपल्यावर मी खेळत होतो. आवाज बंद करून. रोज नाही, पण पुष्कळदा. एक तासाचे दोन-दोन, तीन-तीन तास झाले."

रिक्षा पुढे जात राहिली. दादाजींनी रागाचा शब्द काढला नाही की शाबासकीचाही नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "हे पप्पांना मी सांगू की तू सांगशील?"

"मी सांगतो."

त्या मुलापाशी एक तयार सबब होती आणि ती त्याला तिऱ्हाइताने फुकट दिली होती. वडिलांनी ज्या बाबतीत त्याला खोटे ठरवले, त्यात तो खरा निघाला होता. कारागिराच्या भिंगाने त्याची निर्दोष सुटका केली होती. त्या विजयाच्या आड दुसरी गोष्ट सुखाने लपली असती. पण ज्या हिशेबाने त्याला एका आरोपातून सोडवले, त्याच हिशेबाने दुसरीकडे बोट दाखवले, आणि ते बोट त्याने नाकारले नाही. वहीत जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहाव्या लागतात, हे त्याला बारावीच्या पुस्तकाने शिकवले होतेच. त्या दिवशी त्याने ते आचरून पाहिले.

संध्याकाळी त्याने वडिलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. आधी रात्रीच्या तासांची, मग झिजलेल्या पट्टीची. वडील प्रथम रात्रीच्या जागरणावरून संतापले. बारावीचे वर्ष आणि ही जागरणे, असे बरेच बोलून झाले. आपण माल न पाहताच मुलाला खोटा म्हणालो, या गोष्टीकडे मात्र ते वळले नाहीत. दादाजींनीही त्यांना वळवले नाही. काही गोष्टी ज्याच्या त्याला सुचू द्याव्या लागतात.

यंत्राचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच होता. वडिलांच्या मनात दुसरीही भीती होती. मुले अशा खेळांत पैसे लावतात, अशा बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. योगायोगाने त्याच ऑगस्टमध्ये, पर्युषणाच्या दिवसांत, संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. आपल्या आचारग्रंथांनी सप्त व्यसनांत जुगाराला पहिले स्थान दिले आहे, ते उगाच नव्हे. बाकीची व्यसने पुष्कळदा त्याच दाराने आत येतात. नातवाने यंत्र सुरू करून दाखवले. त्यात पैसे लावण्याचा एकही खेळ नव्हता. एक फुटबॉल, एक क्रिकेट, एक मोटारशर्यत, आणि एक बंदुकीचा.

त्या शेवटच्या खेळापाशी दादी थांबल्या. "यात माणसे मारतात?"

"दादी, खरी नाहीत. पडद्यावर कोणी मरत नाही."

दादींनी राजा यशोधराची कथा सांगितली. आचार्य हरिभद्रसूरींच्या समराइच्चकहेत ती आली आहे आणि सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या यशस्तिलकचंपूचा तर तो मुख्य विषय आहे. श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरांच्या घरांत ती सांगितली जाते. राजाला दुःस्वप्न पडले. आईने पशुबळीचा आग्रह धरला. राजा जीवहत्येला तयार होईना. अखेर मधला मार्ग म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला गेला. त्या एका कृतीपायी मायलेकांना कितीतरी जन्म पशुयोनीत भटकावे लागले.

"पिठाच्या कोंबड्यातही जीव नव्हता, बेटा," दादी म्हणाल्या. "मारण्याचा भाव होता."

नातू वाद घालू शकला असता. फुटबॉलमध्येही हरवण्याचा भाव असतो, असे त्याच्या मनात आलेही असेल. पण दादींनी खेळ बंद कर असे म्हटलेच नव्हते. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरमण नावाचे एक व्रत आहे, त्याची फक्त आठवण दिली होती. निष्कारण हिंसेचे चिंतन हाही दंडच. मुलाने चातुर्मास संपेपर्यंत तो एक खेळ न खेळण्याचा नियम घेतला. पुढचे पुढे पाहू, असे तो म्हणाला आणि दादींनी तेवढ्यावर समाधान मानले. नियम छोटा असावा, पण पाळता यावा.

मग खरेदीचा विचार सुरू झाला. दादाजींनी नातवाला कोरी वही आणायला सांगितली आणि तीन रकाने आखायला लावले. पहिला मार्ग, त्याच जातीचा नवा कंट्रोलर. किंमत सहा हजारांच्या घरात आणि आत तीच घासणारी पट्टी. दुसरा, जिची स्टिक काढून नवी बसवता येते असा वरच्या दर्जाचा कंट्रोलर. किंमत जवळपास तिप्पट आणि नवी स्टिक पुन्हा विकत घ्यायची. तिसरा, जुन्याच कंट्रोलरमध्ये चुंबकाच्या स्टिक बसवून घेणे. दोन्ही स्टिक मिळून सोळाशे रुपये.

रकाने भरताना दादाजींनी भांड्यांच्या धंद्यातील कसोट्या एकेक करून लावल्या, आणि त्या या अपरिचित वस्तूलाही चपखल बसल्या.

पहिली कसोटी सांध्याची. वस्तू कुठे झिजेल ते आधी पाहावे, चकाकी नंतर. कंट्रोलरचे सांधे चार. स्टिक, मागची दोन खटके, चार्जिंगची खाच आणि बॅटरी. स्टिकच्या खोक्यावर 'हॉल इफेक्ट' किंवा 'टीएमआर' असे स्पष्ट लिहिलेले असावे. काही कंपन्या फक्त खटक्यांत चुंबक बसवतात आणि जाहिरात सगळ्या कंट्रोलरची करतात, म्हणून कशासाठी लिहिले आहे ते नीट वाचावे. चुंबकाची स्टिकही अमर नाही. तिची स्प्रिंग सैल पडू शकते. पण जी पट्टी सर्वांत आधी जाते, ती तिच्यात नसतेच.

दुसरी कसोटी दुरुस्तीची. पितळेचे भांडे चेपले तर ठोकून सरळ करता येते, कल्हई पुन्हा लावता येते. कंट्रोलर स्क्रूने बांधलेला आहे की डिंकाने चिकटवलेला, बॅटरी बदलता येते का, सुटे भाग गावात मिळतात का, हे विचारावे. बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की थकतेच. वायरचा कंट्रोलर चालत असेल तर ती चिंताच नाही. दुरुस्तीचा हक्क ही गोष्ट आता सरकारनेही मनावर घेतली आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या राष्ट्रीय ग्राहक दिनी, २४ डिसेंबरला, त्यासाठी स्वतंत्र पोर्टल सुरू केले.

तिसरी कसोटी जोडीची. झाकण डब्याला बसले पाहिजे. काही यंत्रांना दुसऱ्या कंपनीचा कंट्रोलर चालत नाही. नातवाचे यंत्र त्यांपैकीच होते. ज्यांच्या घरी मुले संगणकावर किंवा मोबाईलवर खेळतात, त्यांना चुंबकाच्या स्टिकचे चांगले कंट्रोलर बरेच स्वस्तात मिळू शकतात. म्हणून कंट्रोलर निवडण्याआधी यंत्र पाहावे.

चौथी कसोटी पक्क्या बिलाची. हुबेहूब दिसणारा नकली माल या बाजारात पुष्कळ आहे. तो हाताला हलका लागतो, कवचाची शिवण बोटाला टोचते, आणि किंमत अविश्वसनीय कमी असते. बिल नसेल तर हमीही नाही. आणि हमीचा कागद घेताना झीज तिच्यात धरली आहे की नाही, ते तिथेच विचारून घ्यावे.

पाचवी कसोटी मोडीची. भांडे जुने झाले तरी मोडीला किंमत येते. कंट्रोलरला मोड नाही. तो फक्त ई-कचरा होतो. "ज्या वस्तूला मोड नाही, ती दोनदा विचार करून घ्यावी आणि तीनदा दुरुस्त करावी," असे दादाजी म्हणाले. वहीतील तिसऱ्या रकान्याखाली रेघ ओढली गेली.

दुरुस्तीला एक संपूर्ण दुपार लागली. एका स्टिकचे चौदा टाके वितळवून ती उचलावी लागते, आणि घाई केली तर खालची पट्टीच उखडते. कारागिराने आजोबांना बसायला स्टूल दिले आणि दादाजी तांबटाच्या भट्टीसमोर बसावे तसे त्याच्या डाखणीकडे पाहत बसले. नवी स्टिक बसवल्यावर तिचा मध्यबिंदू संगणकावर जुळवून घेतला गेला. पडद्यावरील ठिपका वर्तुळाच्या मध्यावर येऊन स्थिर राहिला. पैसे नातवाने आपल्या राखीच्या आणि वाढदिवसाच्या साठलेल्या पैशांतून दिले. ते कोणी सांगितले नव्हते.

संवत्सरीचा दिवस आला. घरातील सर्वांनी उपवास केला होता. स्थानकातील प्रतिक्रमण आटोपून सगळे घरी परतले आणि रीतीप्रमाणे लहानांनी थोरांची क्षमा मागायला आरंभ केला. नातू वडिलांच्या पाया पडायला वाकला, तेव्हा वडिलांनी त्याला मध्येच थांबवले.

"आधी माझे ऐक. तू आपटला नव्हतास. मी न पाहता तुला खोटा म्हणालो. मिच्छामि दुक्कडम्."

मुलगा गडबडला. "पप्पा, पण रात्री मी..."

"ते तू सांगितलेस. ते तुझ्या खात्यातून गेले. माझे अजून बाकी होते."

कोणी काही बोलेना. तेव्हा दादाजींनीच ती कोंडी फोडली. ते मुलाला म्हणाले, "आता तुझेही एक जुने खाते उघडतो. तू आठवीत असताना टीव्हीला लावायचा तो कॅसेटचा गेम मी आणून दिला होता, आठवते? दुपारी मी दुकानात असलो की तू आवाज बंद करून खेळायचास."

वडील चकित झाले. "बाबूजी, तुम्हाला ठाऊक होते?"

"मी घरी आलो की टीव्हीच्या मागे हात लावायचो. गरम असायचा."

प्रथम दादी हसल्या, मग सूनबाई, मग सगळेच. दुसऱ्या दिवशी पारणे झाल्यावर माळ्यावरून ते जुने खोके काढण्यात आले. गेम लावायला जुना टीव्ही घरात नव्हता, पण कंट्रोलरची बटणे दाबली की अजून तशीच उसळत होती. त्याला स्टिक नव्हतीच, चार दिशांचे बटण आणि त्याखाली रबराचे तुकडे. नातवाने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, "यात घासण्यासारखे काही नाहीच, म्हणून टिकला." दादाजी म्हणाले, "तेही खरे. आणि खेळ संपला की तुझे पप्पा तो रुमालात गुंडाळून ठेवत, तेही खरे."

आपल्याकडे या सवयीला 'जयणा' असा सुंदर शब्द आहे. पाणी गाळताना, दिवा लावताना, पाऊल टाकताना सांभाळून वागणे. ती जीवांसाठी सांगितली आहे हे खरे. पण ज्या हाताला जयणा लागली, तो हात वस्तूही जपूनच धरतो. राग आला म्हणून आपटायचे नाही, संपले म्हणून फेकायचे नाही, आणि माणसाला पारखल्याशिवाय खोटा म्हणायचे नाही. तिन्ही ठिकाणी सांभाळायचे असते ते एकच.

आता त्या घरात वहीचे चौथे पान सुरू आहे. तिच्यात नातू रोज खेळाचा वेळ लिहितो. अभ्यासाच्या दिवसांत कितीतरी ओळींपुढे शून्य आहे, एखाद्या रविवारी दीड तास. दादाजी ती वही तपासत नाहीत. रात्री टीव्हीच्या मागे हात लावूनही पाहत नाहीत, आणि तसेही आताचे टीव्ही फारसे तापत नाहीत. दिवाळीत भांडी बाजारातील दुकानात वहीपूजन झाले, तेव्हा लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांशेजारी ही पातळ शाळकरी वहीही पाटावर ठेवलेली होती. ती तिथे कोणी ठेवली, हे कोणी विचारले नाही. वडिलांनी तिच्यावरही कुंकवाचे बोट लावले.